तणही मेले, भातही मेले: ₹१७,८५० चे ‘जीनवाले’ ज्योती

‘ज्योतीच आहे, फक्त तणनाशकाचा जीन घातलाय.’ विक्रेत्याच्या एवढ्या एका वाक्यावर गोव्यातल्या पेडण्यात ज्योती भाताचे ४० किलो बी घेतले, ₹३१० किलोने. ₹१२,४०० यूपीआयने गेले. वर तणनाशक ₹१,८५०, नांगरट-चिखलणी ₹३,६००. एकूण ₹१७,८५०. पावती नाही. हसा. पण वायंगणात, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भातात, मोड आलेले बी फेकले की भाताआधी तण उठते, खुरपणीला माणूस ₹६०० मागतो आणि तेवढे देऊनही येत नाही. अशा वेळी कुणी ‘एकदा फवारा, खुरपे टांगून ठेवा’ म्हणाला, तर कोण ऐकणार नाही?

कुठले तणनाशक चालेल, असे विचारले होते. ‘कुठलेही. ग्लायफोसेटसुद्धा.’ तिथेच उठायला हवे होते! तणनाशक सहन करणारे भात ज्यासाठी घडवतात, ते इमॅझेथापायर हे औषध रोपातले एएलएस नावाचे विकर (एन्झाइम) अडवते. मग व्हॅलीन, ल्युसीन, आयसोल्युसीन ही अमिनो आम्ले बनत नाहीत आणि रोप मरते. त्या विकराच्या जनुकात नेमक्या जागी बदल झाला की औषध त्याला नीट चिकटत नाही. पुसा संस्थेच्या २०२१ च्या ‘पुसा बासमती १९७९’ आणि ‘१९८५’ या वाणांत हेच आहे: नागिना २२ या भातावर रसायनाने घडवलेले उत्परिवर्तन, बाहेरचे जनुक नाही. ग्लायफोसेट अडवते ते ईपीएसपीएस हे वेगळेच विकर. एएलएसमधला बदल तिथे काय कामाचा? हे सगळे ठाऊक असून गप्प बसलो, कारण तो दर वाक्याला ‘सायबा’ म्हणत होता.

दुसरी खूण पिशवीच. बासमतीतला बदल ज्योतीत आणायचा तर पाच-सहा पिढ्या पुन्हा ज्योतीशीच संकर, दर पिढीत जनुकाची तपासणी, मग शुद्ध ओळ काढणे. एवढे करणारा पिशवी सुतळीने शिवून विकेल? प्रमाणित बियाण्याला निळे लेबल असते, सत्यप्रत बियाण्याला हिरवे. हिला कुठलेच नव्हते.

विसाव्या दिवशी इमॅझेथापायर १० टक्के एसएल (द्रावण) मारले. हे औषध सावकाश मारते, म्हणून आठवडाभर भ्रमात राहता येते. वाढ थांबते, मधला पोंगा पिवळा पडतो, जुनी पाने मात्र हिरवीच. फवारणीनंतर सतराव्या दिवशी सावा गेला होता, लव्हाळा गेला होता आणि भातही.

असे झालेच तर मेलेली रोपे मोजा. सगळी गेली तर साधे बी. पाव मेली, अर्धी पिवळी पडून रखडली, पाव ठणठणीत राहिली, तर संकराची दुसरी पिढी विकली आहे. ही सहनशीलता अर्धवट प्रभावी, म्हणून तो मधला गट दिसतो. मेलेली आणि ठणठणीत, मधले काहीच नाही, तर भेसळ. माझ्याकडे मोजायला काही उरले नाही. आणि पेरण्याआधी दोन ट्रे भरा: एकात घरचे ज्योती, एकात नवे बी, पन्नास-पन्नास दाणे. रोपे तीन पानांची झाली की तेच औषध मारा, तीन आठवडे थांबा. मला घाई होती.

खरे बी मिळाले तरी दरवर्षी तेच बी, तेच औषध नको. रानभाताशी संकर झाला की तण भाताइतकेच निर्धास्त होते.

आता सरकार. कृषी कार्यालयात पहिला प्रश्न: पावती? दुसरा: सीलबंद पिशवी? फोडलेल्या पिशवीचा नमुना चालत नाही म्हणे. विक्रेत्याच्या साठ्यातून घ्यायला हवा. विक्रेता कुठाय? ‘ते पोलिसांचे काम.’ पोलिस म्हणाले, हा बियाण्याचा विषय, कृषी कार्यालयात जा. चार खेपा. शेवटी एका साहेबांनी उपकार म्हणून उगवण तपासून दिली: ८६ टक्के. किमान ८० लागते. ‘मग बियाणे चांगलेच आहे की!’ उगवण, शुद्धता, ओलावा एवढेच त्यांच्या कागदावर. सहनशीलतेला रकानाच नाही. म्हणजे माझे मेलेले शेत सरकारदरबारी उत्तम बियाण्याचे आहे.

उरलेले दोन किलो डब्यात बंद करून माळ्यावर ठेवले आहे. अजून कुणी न्यायला आलेले नाही.