बाबांच्या पद्मिनीची अख्खी पेट्रोल लाईन या गॅरेजमध्ये बदलून घेतली

आमची १९९२ ची प्रीमियर पद्मिनी आहे, बाबांनी घेतलेली, अजून रोज नाही पण रविवारी हमखास बाहेर काढतो. मार्चमध्ये सासवडहून येताना दिवे घाटात गाडीत पेट्रोलचा वास यायला लागला, आधी वाटलं पुढच्या ट्रकचा असेल, पण खाली वडकीला थांबून बॉनेट उघडलं तर एसी पंपाजवळचा (टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप) पाईप ओलाचिंब आणि इंजिन इतकं तापलेलं की हात लावता येत नव्हता. मागे आई बसलेली. माझे हातपाय गार पडले. गाडी तिथेच ठेवली, कॅबने घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी टो करून गाडी इथे आणली.

गळत होता तो पाईप दोन वर्षांपूर्वीच दुसऱ्या एका ठिकाणी बदललेला होता. तिथे तो पारदर्शक प्लास्टिकचा पाईप घातला होता, "पेट्रोल येतंय का नाही ते दिसतं ताई" म्हणून. तोच पिवळा पडून काडीसारखा कडक झाला होता आणि क्लिपपाशी चिरला होता. इथल्या मेकॅनिक काकांनी तो हातात घेऊन वाकवला तर कट्कन मोडला, तेव्हा मला खरा राग आला.

मी म्हटलं तेवढा तुकडा बदलून द्या. काका म्हणाले, "ताई, एकच तुकडा बदलायचा असेल तर दुसरीकडे न्या, मी टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत बघितल्याशिवाय गाडी सोडणार नाही." आणि बरोबर होतं त्यांचं, टाकीजवळचा रबरी पाईप वरून चांगला दिसत होता पण कापल्यावर आतून चिकट झालेला, आणि खालून येणाऱ्या लोखंडी पाईपला एका ब्रॅकेटखाली गंज लागून खड्डे पडलेले. आता पंपावर ई२० मिळतं, म्हणजे २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल, आणि ३०-३५ वर्षांपूर्वीचं रबर त्यासाठी बनवलेलंच नाही, ते फुगतं, मऊ होतं, नाहीतर वाळून तडकतं. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं, त्यामुळे गाडी महिनोन् महिने उभी राहिली की टाकीत आणि लाईनमध्ये गंज धरतो.

नाना पेठेतून होज, म्हणजे नवा रबरी पाईप, काकांनीच आणला आणि लावायच्या आधी त्यावरचा छाप मला वाचायला लावला, एसएई जे३० आर९, म्हणजे पेट्रोलच्या होजचं एक मानक. ह्याच्या आतला थर फ्लुरोइलास्टोमरचा असतो, लोक विटॉन म्हणतात तो, इथेनॉलला टिकतो. खरं तर आपल्या कार्बोरेटरच्या गाडीला एवढ्या प्रेशरचा होज लागत नाही, पंप जेमतेम ३-४ पीएसआय देतो, पण इथे प्रश्न प्रेशरचा नाही, रबराचा आहे. साध्या होजपेक्षा बराच महाग पडतो, पण मीटर-दीड मीटरच लागतो. क्लिपासुद्धा आतून गुळगुळीत पट्टीच्या, नेहमीच्या खाचावाल्या क्लिपा आवळल्या की रबर कापतात. लोखंडी पाईप नवीन स्टीलचा वाकवून घेतला, जुना समोर ठेवून, सायलेन्सरपासून लांब, आणि पत्र्यातून जातो तिथे रबरी ग्रोमेट, म्हणजे पाईप पत्र्याला घासू नये म्हणून रिंग.

मला सगळ्यात जास्त पटली ती काम करायची पद्धत. गाडी रात्रभर थंड होऊ दिली. सकाळी सगळ्यात आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली. पेट्रोल झाकणवाल्या पत्र्याच्या कॅनमध्ये काढलं, बादलीत नाही. गाडी खाली उतरून काम करायच्या खड्ड्यावर घेतली नाही, बाहेर उघड्यावर रॅम्पवर चढवली, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि खड्ड्यात साचून राहते. टाकी रिकामी केल्यावर पोऱ्या म्हणाला आता काय भीती, तर त्याला थांबवून सांगितलं की रिकाम्या टाकीतली वाफच जास्त धोक्याची. शेजारच्या वेल्डिंगवाल्याला जाऊन काम थांबवायला लावलं. पावडरचा अग्निशामक हाताशी, आणि खाली बघायला वायरचा बल्ब नाही, टॉर्च.

सगळं जोडल्यावर लगेच सेल्फ मारला नाही. बॅटरी काढलेलीच ठेवून एसी पंपाच्या हाताच्या दांडीने पेट्रोल वर आणलं आणि प्रत्येक जॉईंटला कोरडा टिश्यू लावून बघितला. एक क्लिप किंचित ओली निघाली, ती परत बसवली. मग अर्धा तास आयडलिंग, गरम झाल्यावर बंद, परत चालू, परत टिश्यू. १०० किलोमीटर झाल्यावर क्लिपा तपासायला बोलावलं, त्याचे पैसे घेतले नाहीत.

तक्रार म्हणाल तर दोन दिवस सांगून पाच दिवस लावले, आणि फोन उचलत नाहीत, स्वतः जाऊनच विचारावं लागतं. बिल पण मागितल्यावर हाताने लिहून दिलं, पार्टचे आणि मजुरीचे पैसे वेगळे लिहून घ्या. एक तारा त्यासाठी कापलाय.

गाडी नेणार असाल तर टाकी भरून नेऊ नका. मी सासवडला फुल केली होती, ते सगळं काढून ठेवायला त्यांना दुसरीकडून कॅन मागवावे लागले आणि पहिला अर्धा दिवस त्यातच गेला.