दहा बाय पन्नासची दुर्बीण आणि देवळालीकडचे दिवे

नाशिकच्या पाथर्डी फाट्यावरील आमच्या गच्चीवरून देवळालीच्या बाजूला रात्री अधूनमधून पिवळसर दिवे हवेत तरंगताना दिसतात आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर लगेच उडत्या तबकड्यांची चर्चा रंगते. त्याचा एकदाचा छडा लावावा म्हणून शहरातील एका दुकानातून साडेपाच हजार रुपयांना १० बाय ५० ची, म्हणजे दहापट मोठे दाखवणारी आणि पन्नास मिलिमीटर भिंगांची, दुर्बीण घेतली. दोन महिन्यांच्या वापरानंतरचे हे मत.

भिंगे किमतीच्या मानाने उत्तम आहेत. मधोमध प्रतिमा रेखीव दिसते, कडेच्या ताऱ्यांना मात्र शेपट्या फुटतात. देवळालीचे दिवे पहिल्याच आठवड्यात निकालात निघाले: दुर्बिणीतून प्रत्येक दिव्यामागे धुराची बारीक रेघ दिसली आणि तोफखान्यातून निवृत्त झालेले माझे सासरे डोळ्याला दुर्बीण न लावताच म्हणाले, “जावईबापू, हे इल्युमिनेशनचे, म्हणजे उजेड पाडणारे तोफेचे गोळे. पॅराशूटला लटकून जळत खाली येतात.”

खरी अडचण वजनाची आहे. जवळजवळ किलोभराची ही वस्तू दोन मिनिटांत हात थरथरवते आणि मग स्थिर असलेला गुरूसुद्धा आकाशात गिरक्या घेऊ लागतो. अंधारात एकट्या ठिपक्याकडे टक लावली, तर तो नुसत्या डोळ्यांनाही सरकल्यासारखा वाटतो, हे ध्यानात घेतले म्हणजे लडाखच्या प्रकरणाचे नवल वाटत नाही. तेथे पँगाँग सरोवराजवळच्या जवानांनी ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात तेजस्वी वस्तूंच्या ३२९ नोंदी केल्या. त्या चिनी टेहळणी ड्रोन असाव्यात, असा संशय होता. बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने पडताळणी केली तेव्हा ते गुरू आणि शुक्र निघाले. कडाक्याच्या थंडीत पहारा देणाऱ्यांना हसण्याचा अधिकार गच्चीवर शाल पांघरून बसणाऱ्याला नाही.

तिपाईवर बसवल्यावर हीच दुर्बीण निराळी होते: गुरूच्या दोन्ही बाजूंना एका रेषेत चार चंद्र दिसतात आणि ड्रोनचा प्रश्नच उरत नाही. दुर्दैवाने तिपाईला जोडणारा अडॅप्टर खोक्यात नव्हता. आठशे रुपये जास्तीचे देऊन घेतला, त्याचा आटा तिसऱ्याच दिवशी झिजला, आणि दुकानदाराने “साहेब, त्याला वॉरंटी नसते” एवढ्यावर बोळवण केली. भिंगांना मी पाचपैकी चार गुण देईन, सोबतच्या सामानाला आणि विक्रीनंतरच्या सेवेला एकच.

उडत्या तबकड्यांच्या नोंदी तपासणाऱ्या, अमेरिकी हवाई दलाच्या ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’ने १९६९ मध्ये काम गुंडाळले तेव्हा १२,६१८ नोंदींपैकी ७०१ अनुत्तरित राहिल्या होत्या. माझ्या वहीत वेळ, दिशा आणि क्षितिजापासूनची उंची लिहिलेल्या तेवीस नोंदी आहेत. त्यांपैकी एकीचेच उत्तर सापडलेले नाही, आणि ती नेमकी आटा झिजला त्या रात्रीची आहे.