विद्यार्थी रिग: हंगामभराच्या वापरानंतर

स्कायडायव्हिंग शिकणाऱ्यांसाठीचा पॅराशूट संच (रिग) असा: 260 चौरस फुटांची नऊ कप्प्यांची मुख्य कॅनोपी (पॅराशूटचं कापडी छत), डेक्रॉनच्या (पॉलिएस्टरच्या) दोऱ्या, मोठी रिझर्व्ह (राखीव कॅनोपी), आरएसएल (मुख्य कॅनोपी सोडून देताच रिझर्व्ह उघडणारी पट्टी) आणि स्टुडंट सायप्रेस (वेळ आली तर रिझर्व्ह आपोआप उघडणारं यंत्र). हंगामभर वेगवेगळ्या अंगकाठीच्या विद्यार्थ्यांनी वापरूनही कापड आणि हार्नेस ठणठणीत आहेत. लक्ष मागतात ते किरकोळ, स्वस्त भाग.

कॅनोपीबद्दल तक्रार कमीच. विद्यार्थी 80 किलोचा आणि संच सुमारे 14 किलोचा, म्हणजे 94 किलो किंवा 207 पौंड. त्याला 260 ने भागलं की प्रति चौरस फूट 0.8 पौंड. एवढ्या भाराला ती बऱ्याच चुका पोटात घालते. फ्लेअर (उतरताना टॉगल, म्हणजे ब्रेकच्या मुठी, खाली ओढून वेग कमी करणं) जरा लवकर झाला, तर टॉगल वर न सोडता आहेत तिथेच धरायचे आणि पाय जुळवून उतरायचं. पण 55 किलोच्या व्यक्तीसाठी हीच कॅनोपी जास्त मोठी: भार 0.6 च्याही खाली जातो, वाऱ्याविरुद्ध ती जेमतेम सरकते आणि उतरल्यावर माणसाला ओढत नेते. अशांना लहान कॅनोपी द्यावी किंवा वाऱ्याची मर्यादा खाली आणावी. मात्र त्याच कंटेनरमध्ये (पाठीवरच्या पिशवीत) लहान कॅनोपी भरली की क्लोजिंग लूप (पिनेत अडकून पिशवी बंद ठेवणारा दोरीचा फास) सैल पडतो. तो लगेच आखूड करायचा, नाहीतर दरवाज्याशी पाठ घासली तरी पिन सरकून कॅनोपी अवेळी बाहेर येऊ शकते. लूपचे धागे सुटू लागले असतील तर पुढच्या उडीपर्यंत थांबू नये.

डेक्रॉनची दोरी जाड असते, उघडताना थोडी ताणली जाते आणि झटका सौम्य बसतो. स्पेक्ट्रा ही पातळ दोरी घर्षणाच्या उष्णतेने आखडते, तसं हिचं होत नाही. याची किंमत दोऱ्यांची जुडगी धरणारे रबरबँड मोजतात: जाड दोरीच्या जुडग्यांमुळे ते लवकर ढिले होतात. घडी केलेल्या कॅनोपीच्या बॅगेचं तोंड बंद ठेवणारे रबर ढिले असतील, तर दोऱ्या पूर्ण ताणल्या जाण्याआधीच कॅनोपी बॅगेतून निसटते आणि उघडताना जबर हिसका बसतो. रबराबाहेर साधारण 5 सेंटिमीटरचा वेढा राहावा. चिरलेला रबर पॅकिंगच्या वेळीच बदलावा. यात काटकसर करण्यासारखं काहीच नाही.

पायलट शूटची (मुख्य कॅनोपी बाहेर खेचणाऱ्या छोट्या छत्रीची) किल लाइन (कॅनोपी उघडल्यावर ती छत्री मिटवणारी दोरी) स्पेक्ट्राची आहे आणि ती आखडतेच. मग कॉक करूनही (पॅकिंगच्या वेळी ती पुन्हा फुगण्याजोगी करूनही) पायलट शूट पुरतं फुगत नाही, ओढ कमी पडते आणि कॅनोपी उघडायला उशीर होतो. ब्रायडलच्या (पायलट शूट कॅनोपीला जोडणाऱ्या पट्टीच्या) खिडकीतली रंगीत खूण पाहून थांबू नका. कॉक केल्यावर माथा आणि ब्रायडल धरून ताणा: ताण कापडावर आणि जाळीवर यायला हवा, किल लाइन किंचित सैल राहायला हवी.

थ्री-रिंगकडे (मुख्य कॅनोपी हार्नेसला धरून ठेवणाऱ्या तीन कड्यांच्या जोडणीकडे) महिन्यातून एकदा बघावं. रायझर (दोऱ्या हार्नेसला जोडणारे पट्टे) सोडवायचे, कड्यांजवळची पट्टी वाकवून मऊ करायची, पिवळी केबल पुसायची. परत जोडताना प्रत्येक कडी फक्त तिच्या खालच्या कडीतून जाते आणि पांढरा लूप फक्त सर्वांत लहान कडीतून. कटअवे हँडलचा (मुख्य कॅनोपी सोडून देण्याच्या मुठीचा) वेल्क्रो या संचात सर्वांत आधी झिजला. हँडल लोंबकळत असेल, तर रिग विमानात चढवायची नाही.

राहिला सायप्रेस. स्टुडंट प्रकार खाली येण्याचा वेग सेकंदाला 13 मीटरच्या वर असेल तर रिझर्व्हचा लूप कापतो: मुक्तपतनाच्या वेगात सुमारे 225 मीटर उंचीवर, त्याहून कमी वेगात (उदाहरणार्थ, बिघडलेल्या कॅनोपीखाली) सुमारे 300 मीटरवर. मुख्य कॅनोपी तो सोडवत नाही, ते काम विद्यार्थ्याचंच. म्हणून कटअवेचा निर्णय 2,500 फुटांवर, हे जमिनीवरच घोकून घ्यावं. सायप्रेस सुरू करायचा ड्रॉपझोनच्या (उडी मारून उतरण्याच्या मैदानाच्या) जमिनीवरच, कारण शून्य उंची तो तिथली धरतो. उडी रद्द होऊन विद्यार्थी विमानातूनच परतणार असेल, तर विमान खाली यायला लागण्याआधी यंत्र बंद करायचं. विमानाचा उतरण्याचा वेगही 13 मीटरच्या वर जाऊ शकतो, आणि केबिनमध्ये उघडलेली रिझर्व्ह दरवाज्याबाहेर खेचली गेली तर विमानच धोक्यात येतं. वैमानिकाला हे उड्डाणाआधी सांगून ठेवावं.