तुलनात्मक अर्थशास्त्राच्या दोन संघटना: सभासद कुठं व्हावं?

तुलनात्मक अर्थव्यवस्थांवर पीएचडी करणाऱ्यांपुढं कधीतरी हा प्रश्न येतोच: अमेरिकी संघटनेचं सभासद व्हावं की युरोपीय? वेळ आणि प्रवासखर्च दोन्हीकडं पुरत नाही, म्हणून निवड करावी लागते. मी ती केलेली आहे. तेव्हा पुढचं वाचताना माझा कल गृहीत धरावा.

अमेरिकी संघटना, म्हणजे असोसिएशन फॉर कम्पॅरेटिव्ह इकॉनॉमिक स्टडीज, १९७२ साली दोन जुन्या संस्था एकत्र येऊन झाली. त्यातली एक फक्त सोव्हिएत धाटणीच्या, म्हणजे सरकारी नियोजनावर चालणाऱ्या, अर्थव्यवस्थांचा अभ्यास करणारी होती. युरोपियन असोसिएशन फॉर कम्पॅरेटिव्ह इकॉनॉमिक स्टडीजची सुरुवात १९९० मध्ये व्हेरोनात झाली. बर्लिनची भिंत नुकतीच पडली होती आणि पोलंडमध्ये बाल्त्सेरोविच योजना, म्हणजे सरकारी नियोजन सोडून झपाट्यानं बाजारव्यवस्थेकडं जायचा कार्यक्रम, अमलात आलेली होती. जन्मवेळेतला हा फरक मला दोघींच्या स्वभावात अजून दिसतो. पहिलीनं समोरच्या गोटातली व्यवस्था बाहेरून, मिळेल त्या आकडेवारीवरून समजून घेतली. दुसरीतले बरेचजण त्या व्यवस्थेतच लहानाचे मोठे झाले होते.

नियतकालिकांचा विचार केला तर अमेरिकी बाजू जड आहे, यात वाद नाही. 'जर्नल ऑफ कम्पॅरेटिव्ह इकॉनॉमिक्स' १९७७ पासून निघतं. त्याचे पहिले संपादक जॉन मायकल मोंतियास. याच माणसानं पुढं नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या दप्तरखान्यातली जुनी कागदपत्रं चाळून सतराव्या शतकातला चित्रकार व्हर्मीर याच्या घरादाराचा माग काढला. नियोजनाची अर्थव्यवस्था वाचणारी नजर तिथंही कामी आली असावी, असं मला नेहमी वाटतं. सोव्हिएत संघ कोसळल्यावर 'आता तुलना कशाशी करायची?' ही चिंता होतीच. २००३ मध्ये याच नियतकालिकात यांकोव्ह, ग्लेझर, श्लायफर या अर्थतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या भांडवलशाही देशांतल्या संस्थांची तुलना, म्हणजे न्यायालयं, नियमन, मालमत्तेचे हक्क, ही विषयाची नवी दिशा म्हणून मांडली. अमेरिकेत प्राध्यापकीची नोकरी शोधणाऱ्याला या नियतकालिकाच्या नावाचं वजन उपयोगी पडतं. युरोपीय संघटनेचं 'युरोपियन जर्नल ऑफ कम्पॅरेटिव्ह इकॉनॉमिक्स' २००४ पासूनचं, ऑनलाइन आणि सर्वांना मोफत. तेवढा दबदबा त्याला नाही.

मग माझी निवड उलटी का झाली? एकाच गोष्टीमुळं.

अमेरिकी संघटनेची सत्रं जानेवारीच्या सुरुवातीला, अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनच्या वार्षिक अधिवेशनाच्या मांडवाखाली भरतात. तिथं शेकडो सत्रं असतात आणि एका वेळी कितीतरी चालू असतात. मी ज्या अवाढव्य परिषदांत दोन देशांची तुलना करणारे निबंध वाचले, त्या वेगवेगळ्या ठिकाणच्या होत्या, पण सगळीकडं एकच प्रकार घडला. खोलीतले अर्धे लोक दुसऱ्या कुणाचा तरी निबंध ऐकायला आलेले. माझा संपला की पहिला हात वर होणार आणि प्रश्न येणार: 'पण हेच दोन देश का?' प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचं उत्तर देण्यातच चर्चेची मिनिटं संपतात आणि निबंधाच्या गाभ्यापर्यंत कुणी पोचतच नाही. पुढच्या वेळी पुन्हा नवे श्रोते, पुन्हा तोच प्रश्न. आपण जो विषय करतो तो विषय आहे, हेच दरवेळी सिद्ध करत बसायचं. याचा शीण मला फार आला.

युरोपीय संघटनेची परिषद दोन वर्षांतून एकदा, स्वतंत्र भरते. आजवर ती तार्तू, बुडापेस्ट, वॉर्सा अशा शहरांत झाली आहे. माणसं मोजकी. सकाळच्या सत्रातलेच चेहरे दुपारी जेवणाच्या टेबलावर भेटतात. दोन देश शेजारी का ठेवले, हे तिथं कुणी विचारत नाही. ठेवून काय दिसलं, हे विचारतात. तोट्यातल्या सरकारी कारखान्यांवर मी बोललो होतो. हंगेरीचे अर्थतज्ज्ञ यानोश कोर्नाई ज्याला सैल अंदाजपत्रकी बंधन म्हणत, म्हणजे तोटा झाला तरी सरकार सावरून घेईल ही खात्री, ते मी अनुदानाच्या आकड्यांवरून मोजलं होतं. एका ज्येष्ठ बाईंनी विचारलं, 'कारखाना बंद करायच्या कागदावर शेवटची सही कुणाची असायची?' माझ्या तक्त्यात त्याला रकानाच नव्हता. निबंधाचा सगळा दुसरा भाग त्या प्रश्नातून उभा राहिला.

दोन वर्षांची वाट लांब आहे, हे मान्य. मधल्या काळात कार्यशाळा होतात, पण त्यांचे विषय आपल्याला जुळतीलच असं नाही. अमेरिकेत राहणाऱ्याला दरवर्षीचं अधिवेशन नक्कीच सोयीचं. शिवाय ज्याचं काम संख्याशास्त्राच्या अंगानं जातं, शंभर-दीडशे देश एका समीकरणात घेतं, त्याला 'हेच दोन का?' हा प्रश्न येणारच नाही. त्यानं बिनदिक्कत अमेरिकी संघटना निवडावी. दोन्ही गोतावळे एका ठिकाणी पाहायला मिळाले ते २०१५ मध्ये रोमला भरलेल्या तुलनात्मक अर्थशास्त्राच्या पहिल्या जागतिक परिषदेत आणि नंतर २०१७ मध्ये सेंट पीटर्सबर्गला. अशी संधी पुन्हा आली तर आधी तिथं जाऊन पाहावं, मग ठरवावं.

पण हातात दोन-तीन देशांचा अजून कच्चा निबंध असेल आणि तो कुणीतरी नीट उलगडून पाहावा असं वाटत असेल, तर मी युरोपीय संघटनेचंच नाव सुचवीन. निबंध छापायला मात्र अमेरिकी नियतकालिकाकडं पाठवायला काहीच हरकत नाही; मीही तसंच करतो.