इंग्रजी शब्द वाढवायचेत: कादंबरी वाचावी की याद्या पाठ कराव्या?

बँकेची नाहीतर एमपीएससीची परीक्षा दोन-तीन महिन्यांवर आली असेल तर कादंबरीच्या नादाला लागूच नका, याद्या पाठ करा. बाकीच्यांसाठी, म्हणजे ऐरोली-महापेच्या ऑफिसात मेल लिहिताना अडणारे, क्लायंट कॉलवर तेच चार शब्द फिरवणारे, नाहीतर "जरा इंग्लिश सुधारायचंय यार" म्हणणारे, त्यांच्यासाठी उत्तर इतकं सोपं नाहीये.

आधी यादीबद्दल, कारण तिला उगाच नावं ठेवली जातात. पाठांतर म्हणजे घोकंपट्टी असं आपण म्हणतो, पण नीट अंतर ठेवून केलेली उजळणी खरंच काम करते. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं सुरुवातीला भराभर विसरतं आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो. पुढे सेबास्टियन लाइटनर या जर्मन पत्रकाराने १९७० च्या दशकात कार्डांच्या खोक्यांची पद्धत काढली, आठवलेलं कार्ड पुढच्या खोक्यात, जे जास्त दिवसांनी उघडायचं, न आठवलेलं परत पहिल्या खोक्यात. आजचं अंकी हे ॲप त्याच कल्पनेवर चालतं, ॲन्ड्रॉइडवर फुकट आहे, आयफोनवर पैसे मोजावे लागतात. आणि मुख्य म्हणजे सकाळच्या ठाणे फास्टमध्ये एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने कार्डं सरकवता येतात, तिथे पुस्तक उघडायला गेलात तर शेजारचा काका तुमच्याकडे काय नजरेने बघेल ते सांगायला नको.

पण यादीत शब्द एकटा येतो, आणि खरी गोची तिथेच आहे. कमिट म्हणजे करणे असं पाठ केलेला माणूस उद्या मेलमध्ये "होमवर्क कमिट केला" लिहून मोकळा होतो. कादंबरीत हाच शब्द खून, गुन्हा, चूक यांच्याच संगतीत पुन्हा पुन्हा दिसतो, त्यामुळे तो कुठे चालतो नि कुठे नाही हे कोणी न सांगता कळायला लागतं. बोलता-लिहिताना हेच लागतं, अर्थ तर गुगलही सांगतो.

मग कादंबरीच का नाही? कारण ती हळू आहे, फार हळू. चाळिसाव्या पानावर भेटलेला शब्द पुढे शेवटपर्यंत परत येईलच असं नाही, आणि एकदा दिसून शब्द बसत नाही, वेगवेगळ्या वाक्यांत बरेचदा यावा लागतो. त्यात संदर्भावरून अर्थ ओळखायचा म्हटलं तर कधी कधी साफ चुकीचा ओळखला जातो आणि तोच डोक्यात घट्ट बसतो.

म्हणूनच माझ्या मते "कादंबरी की यादी" यापेक्षा "कुठली कादंबरी" हा प्रश्न जास्त मोठा आहे. न्यूझीलंडचे भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांनी २००६ मध्ये हिशोब मांडला होता की कादंबरी कुणाच्या मदतीशिवाय आरामात वाचायची तर त्यातले साधारण ९८ टक्के शब्द आधीच माहीत हवेत, आणि त्यासाठी आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबं लागतात (प्ले, प्लेड, प्लेअर हे सगळं मिळून एक कुटुंब). ९८ टक्के म्हणजे पन्नासात एक शब्द अनोळखी. पेपरबॅकच्या पानावर तीनशेक शब्द धरले तर पानाला सहा. तेव्हा दुकानात मधलंच एखादं पान उघडा, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मोजा, एका हाताची बोटं संपून दुसराही हात भरायला लागला तर पुस्तक खाली ठेवा, ते कितीही गाजलेलं असू दे. मित्रांनी सांगितलं म्हणून जाडजूड पुरस्कारवाली कादंबरी घेऊन विसाव्या पानावर बुकमार्क कायमचा अडकलेली घरं घोडबंदर रोडला सोसायटी-सोसायटीत सापडतील.

ज्यांना हे झेपत नाही त्यांच्यासाठी ग्रेडेड रीडर्स आहेत, म्हणजे ठरावीक सोप्या शब्दांतच लिहिलेली, पायरी-पायरीने अवघड होत जाणारी गोष्टींची पुस्तकं. ऑक्सफर्ड बुकवर्म्सच्या पहिल्या पायरीला ४०० मूळ शब्द असतात, सहाव्या पायरीला २५००. मोठ्या माणसांना ही पातळ पुस्तकं घ्यायला लाज वाटते, का ते मला कळत नाही, ट्रेनमध्ये कव्हर कोण बघतंय. पण एक लक्षात घ्या, सहावी पायरी संपली तरी २५०० आणि आठ हजार यात मोठी दरी राहते, ती भरायला सोप्या भाषेतल्या खऱ्या कादंबऱ्याच लागतात.

त्यात मी रहस्यकथांना झुकतं माप देईन. संवाद भरपूर, वाक्यं आटोपशीर, आणि पुढे काय झालं म्हणून माणूस पान उलटतो. त्यातही एकाच लेखकाची, एकाच डिटेक्टिव्हची मालिका धरा, लेखकाचे ठरलेले शब्द पुस्तकामागून पुस्तकात परत येत राहतात. अमेरिकन भाषातज्ज्ञ स्टीफन क्रॅशन यांनी याला नॅरो रीडिंग म्हटलंय. भारतीय लेखकांच्या इंग्रजी कादंबऱ्याही बऱ्या, कारण चाळ, मामा, बोर्डाची परीक्षा हे समजून घ्यायला डोकं खर्च होत नाही, ते सगळं शब्दांना मिळतं. १९७१ पासून चालू असलेल्या प्रोजेक्ट गुटेनबर्ग या ऑनलाइन ग्रंथालयात हजारो पुस्तकं फुकट आहेत, पण ती बहुतेक जुनी, आणि शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची इंग्रजी टीम मीटिंगमध्ये वापरलीत तर लोक नाटक समजतील. फुकट म्हणून ती पहिली घेऊ नका.

आपल्याकडे अजून एक वाट आहे जी फारसं कोणी सांगत नाही. इंग्रजी थ्रिलरचे मराठी अनुवाद ढिगाने निघालेत. आधी अनुवाद वाचायचा, मग मूळ. ठाण्यात १८९३ पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, अशा लायब्ररीतून अनुवाद आणा आणि मूळ प्रत विकत घ्या किंवा सेकंडहँड शोधा. कथा माहीत असली की अनोळखी शब्दाचा अंदाज बरोबर येतो. खून कोणी केला ते मात्र आधीच कळलेलं असतं, एवढं सोसा.

कागद की किंडल? शब्दावर बोट दाबलं की अर्थ येतो आणि बघितलेले शब्द व्होकॅब्युलरी बिल्डरमध्ये आपोआप जमा होतात, या दोन गोष्टींसाठी किंडल पुढे. फोनवर वाचणं सगळ्यात स्वस्त, पण व्हॉट्सॲपची टिंग वाजली की खेळ खल्लास. आणि प्रत्येक शब्दाला थांबून बघायची सवय लागली तर गोष्टीची मजा जाते, त्यामुळे मी म्हणेन पेन्सिलने नुसती खूण करा, पुढे जा, जो शब्द दुसऱ्यांदा आडवा येईल तोच बघा आणि अख्ख्या वाक्यासकट अंकीत टाका. असं केलं तर कादंबरी आणि यादी हे भांडणच उरत नाही, वाचन घरी नाहीतर ठाणे-पनवेल गाडीत बसायला मिळालं तर, कार्डं गर्दीत उभ्याने.

उच्चाराचं काय, हे मात्र कादंबरीही सांगत नाही आणि छापील यादीही नाही. कर्नलचं स्पेलिंग (colonel) बघून कोण तो उच्चार करेल? त्यासाठी त्याच पुस्तकाचं ऑडिओबुक मिळतंय का बघा, कानात इयरफोन, हातात पुस्तक. फक्त घ्यायच्या आधी फुकटचं सॅम्पल ऐका, वाचणाऱ्याचा ॲक्सेंटच झेपला नाही तर पैसे वाया.