फुकटच्या उपग्रह-रडारवर आठ महिने: काठमांडू वर गेलं की खाली?

३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी सातवीत होतो, राहायला लातुरात. जमीन हलते म्हणजे नेमकी किती आणि कुठे जाते, ही खाज तेव्हापासूनची. सेंटिनेल-१ या युरोपीय उपग्रहाची रडार चित्रं कुणालाही फुकट मिळतात असं कळल्यावर मी आधी किल्लारीच शोधायला बसलो. अर्थात काही सापडेना, कारण तो उपग्रहच २०१४ साली वर गेलाय. मग २५ एप्रिल २०१५ चा नेपाळचा ७.८ चा भूकंप घेतला. आधीचं चित्र १७ एप्रिलचं, नंतरचं २९ चं. शिकायला याच्यापेक्षा सोयीची जोडी मिळणार नाही.

तंत्राचं नाव इनसार. एकाच जागेची दोन रडार चित्रं एकमेकांवर तंतोतंत बसवायची आणि परतलेल्या लहरींतला फरक रंगात पाहायचा. लहर ५.६ सेंटिमीटरची आणि जाऊन-येऊन अंतर दुप्पट, म्हणून जमीन उपग्रहाच्या दिशेने २.८ सेंटिमीटर सरकली की रंगांचा एक पूर्ण फेरा होतो. सातशे किलोमीटर उंचीवरून! हे अजूनही मला पुरतं पचलेलं नाही.

आता त्रासाचं सांगतो. एकेक फाइल चार-पाच जीबीची, उघडली की दुप्पट. माझ्या लॅपटॉपला १६ जीबी रॅम आहे, तरी चित्रं जुळवायला लावून मी जेवून यायचो. पहिल्या प्रयत्नात अख्ख्या नेपाळवर तिरके, समांतर पट्टे आले. मला वाटलं, काय भूकंप आहे! प्रत्यक्षात उपग्रहाच्या अचूक कक्षेची फाइल जोडायची मी विसरलो होतो. ही फाइल चित्रानंतर साधारण तीन आठवड्यांनी येते, तोवर थोड्या कमी अचूक, तात्पुरत्या कक्षेच्या फाइलवर भागवावं लागतं.

दुसऱ्या खेपेला मात्र काठमांडूच्या भोवती वलयं उमटली, एकात एक, कांद्याच्या चकतीसारखी. प्रिंट काढून पेन्सिलीने एकेक मोजत गेलो, तीस-बत्तीसपर्यंत आलो आणि हुकलो. गुणाकार केला तर नव्वद सेंटिमीटरच्या आसपास. आई शेजारी शेंगा सोलत होती. तिने कागद हातात घेतला, उलटासुलटा केला आणि विचारलं, "मग ते गाव वर गेलं की खाली?"

मला सांगता येईना. नुसत्या वलयांवरून डोंगर आणि खड्डा सारखाच दिसतो. रंग कोणत्या क्रमाने बदलतात ते बघावं लागतं. काठमांडूच्या बाजूला एक क्रम, उत्तरेला हिमालयाच्या बाजूला बरोबर उलटा. म्हणजे खोरं उचललं गेलं आणि त्याच्या उत्तरेचे डोंगर खचले. हे आईला सांगून मोकळा झालो आणि पुढचे दोन महिने कळत गेलं की तेही अर्धंच होतं. रडार तिरकं बघतं, त्याला फक्त "माझ्याकडे" आणि "माझ्यापासून दूर" एवढंच कळतं. उपग्रहाने उत्तरेकडे जाताना घेतलेलं आणि दक्षिणेकडे जाताना घेतलेलं, अशी दोन्ही चित्रं मिळाली तर वर-खाली आणि पूर्व-पश्चिम वेगळं काढता येतं. उत्तर-दक्षिण मात्र त्याला जवळपास दिसतच नाही. आणि जमिनीवरच्या जीपीएस केंद्रांनी नोंदवलं ते असं की काठमांडू जेवढं वर गेलं, त्याहून जास्त दक्षिणेला सरकलं! म्हणजे मुख्य हालचाल माझ्या रंगीत कागदावर जवळजवळ नव्हतीच. जीपीएसच्या नोंदी शेजारी ठेवल्याशिवाय या चित्रावर बोलू नये, हे मी असं शिकलो.

सर्वांत मोठी फजिती कोयनेत. १९६७ चा ६.३ चा भूकंप तिथला, आजही बारीक धक्के चालू असतात, म्हणून मे महिन्यातली बारा दिवसांच्या अंतराची जोडी घेतली. शिवसागर जलाशयाच्या पूर्वेला दीड वलय दिसलं. चार सेंटिमीटर! दोन मित्रांना फोनही करून झाला. मग त्यातलंच दुसरं चित्र पुढच्या तारखेच्या चित्राशी लावलं, तर त्याच जागी तेच वलय, रंगांचा क्रम उलटा. म्हणजे जमीन जागच्या जागी होती. त्या एका दिवशी घाटावर दमट हवा साचली होती आणि तिने लहर रेंगाळवली होती. तेव्हापासून एका जोडीवर विश्वास ठेवत नाही, किमान तीन चित्रं घेतो. पावसाळ्यात आणि दाट जंगलावर तर वलयंही दिसत नाहीत, सगळा रंगीत रवा.

फेब्रुवारी २०२३ चा तुर्कीचा भूकंपही करून पाहिला. तिथे उलटी अडचण. भ्रंशाजवळ, म्हणजे जमीन जिथे तुटून सरकते त्या भेगेजवळ, ती काही मीटर सरकलेली, त्यामुळे वलयं इतकी दाटतात की मोजताच येत नाहीत. तिथे दोन चित्रांतले ठिपके किती हलले ते थेट जुळवून पाहावं लागतं. त्यात बारकावा कमी, पण मीटरांत बोलायचं असेल तर तेवढं पुरतं.

हे कुणी करून पाहावं? भूगोल-भूशास्त्राच्या मुलांनी जरूर, पण नेपाळपासून सुरुवात करा, आपल्या गावापासून नको. डहाणू-तलासरीसारखे लहान धक्के एका जोडीत दिसतील ही आशा सोडा. पैसे लागतात ते फक्त डिस्कला, मी दोन टीबीची घेतली आणि ती भरली.

सध्या नजर निसार या नव्या रडार-उपग्रहावर आहे. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेलेला, इस्रो आणि नासाचा. त्याची लांब लहर २४ सेंटिमीटरची, म्हणजे एक वलय बारा सेंटिमीटरचं. पानांतून खाली उतरते ती. कोयनेची तीन चित्रं त्यातून घेऊन पाहणार आहे, या वेळी कुणाला फोन न करता.