राजवाडा, रेसिडेन्सी आणि नेकेताका : इंदूरकरांनी ‘डेडफायर’ कसा खेळावा

२१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरची लढाई झाली आणि ६ जानेवारी १८१८ ला मंदसोरचा तह. त्यानंतर इंदुरात होळकरांची गादी राहिली, पण दरबारावर नजर ठेवायला कंपनीचा रेसिडेंट येऊन बसला आणि शेजारी महूला कंपनीच्या फौजेची छावणी पडली. राजवाडा, रेसिडेन्सी आणि छावणी ही तीन ठिकाणं डोळ्यांपुढे ठेवून ‘पिलर्स ऑफ इटर्निटी २ : डेडफायर’ हा गेम सुरू करा. त्यातलं नेकेताका शहर पहिल्या तासात ओळखीचं वाटेल. वरच्या टोकाला सर्पेंट्स क्राउन भागात राणीचा कहांगा राजवाडा, बंदरावर क्वीन्स बर्थमध्ये व्यापारी कंपनीची कचेरी आणि एका बाजूला ब्रास सिटाडेल हा तोफांनी सज्ज किल्ला. इंदूरपेक्षा फरक एवढाच की इथे कंपन्या दोन आहेत आणि दोघींनाही सगळं हवं आहे.

हा गेम ऑब्सिडियनचा, दिग्दर्शक जॉश सॉयर. २०१७ मध्ये फिग या संकेतस्थळावर लोकवर्गणी झाली, ४४ लाख डॉलरहून अधिक जमले, आणि ८ मे २०१८ ला तो पीसीवर आला. प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर जानेवारी २०२० मध्ये. जुन्या धर्तीचा, वरून खाली बघत खेळायचा, पाच जणांची पार्टी घेऊन फिरायचा रोल-प्लेइंग गेम आहे. विकत घेताना तिन्ही विस्तार (नंतर निघालेले जोडभाग) एकत्र असलेली आवृत्ती सेलची वाट बघून घ्या; किंमत बरीच खाली येते. डिस्कवर ४५ जीबी जागा लागते. साध्या हार्डडिस्कवर टाकाल तर नेकेताकात प्रत्येक दारागणिक लोडिंग बघत बसाल, तेव्हा एसएसडीवरच टाका. शहराचे भाग, घरं, तळघरं सगळी वेगवेगळी लोड होतात आणि पहिल्या तीसेक तासांतला बराच वेळ याच शहरात जातो.

भाषा इंग्रजीच निवडावी लागेल; आपल्याकडची एकही भाषा यात नाही, आणि वाचायला मजकूर भरपूर आहे. संवादातल्या ठळक शब्दावर माउस नेला की त्याचा अर्थ तिथेच दिसतो. ही सोय सुरुवातीपासून वापरा. हुआना या मूळ रहिवाशांच्या बोलीतले आणि बाहेरून आलेल्या वेलियन व्यापाऱ्यांच्या इटालियन वळणाच्या भाषेतले शब्द संवादात मुद्दाम तसेच ठेवले आहेत. ते ओलांडून पुढे गेलात तर कोण कोणाला आदरानं बोलतं आणि कोण तुच्छतेनं, हे निसटतं.

डेडफायर हा द्वीपसमूह हुआनांचा. त्यांची राणी ओनेकाझा दुसरी. वेलियन ट्रेडिंग कंपनीला इथला अड्रा हवा आहे. अड्रा म्हणजे जमिनीतून खांबांसारखा वर येणारा, आत्म्यांचा प्रवाह वाहून नेणारा दगड. त्यातला तेजस्वी अड्रा म्हणजे यांचं सोनं. रॉयल डेडफायर कंपनी नावाला कंपनी. खरं तर ते रौआताई साम्राज्याचं आरमार. रौआताईला वादळं झोडपतात, म्हणून त्यांना जमीन हवी, आणि हुआनांशी आपली वंशाची नाळ आहे असा दावा ते पुढे करतात. चौथे प्रिंचिपी, म्हणजे चाचे. इंग्रजांनी आंग्र्यांना चाचे म्हटलं, पण ते आपल्या किनाऱ्याचं आरमार होतं. प्रिंचिपींना तसं समजू नका. हे बाहेरून आलेले, जुन्या वेलियाच्या आठवणीवर जगणारे आणि खरोखरच लुटीवर पोट भरणारे लोक आहेत. डनेजच्या अड्ड्यावर त्यांचे दोन पुढारी, फुरांते आणि एल्डिस, एकमेकांच्या मुळावर उठलेले आहेत. त्यात कोणाची बाजू घ्यायची हे क्रूकस्परच्या गुलामबाजाराशी जोडलेलं आहे, म्हणून आधी क्रूकस्पर बघून या आणि मग ठरवा.

मुख्य कथा अशी : इओथास हा देव अड्राच्या प्रचंड पुतळ्यात शिरून चालत निघालेला आहे, तुमचा किल्ला त्यानं पायाखाली चिरडला आहे आणि तुम्ही जहाजानं त्याच्या मागावर आहात. कथेची घाई खोटी आहे. देव कुठेही पोहोचत नाही, तुम्ही पोहोचलात की पुढचा प्रसंग घडतो. मुख्य मार्गावर सरळ धावलात तर गेम फार लवकर संपतो आणि बेटं न बघताच संपतो. या गेमवर होणारी बहुतेक नाराजी इथूनच येते. दोष रचनाकारांचाच आहे, पण उपाय तुमच्या हातात आहे. पोर्ट माजे, तिकावारा, नेकेताका, फोर्ट डेडलाइट, डनेज, क्रूकस्पर आणि हासोंगो या क्रमानं निवांत हिंडा. मॅग्रन्स टीथच्या ज्वालामुखीकडे, म्हणजे ॲशन मॉकडे, सगळ्यात शेवटी वळा.

कंपनी राज्य कसं घेते, हे या गेमइतकं बारकाईनं दुसऱ्या कुठल्या गेममध्ये मांडलेलं सापडणार नाही. कारण ते राज्य तुमच्याच हातून घेतलं जातं. वेलियनांचा संचालक कास्टोल पहिल्यांदा जे काम सांगतो ते निरुपद्रवी असतं : एक माणूस शोधा, एक पाहणी पुरी करा. रॉयल डेडफायर कंपनीची हझानुई कारू नेमकं बोलते, वेळेवर पैसे देते. प्रत्येक कामाला कारण असतं आणि ते कारण पटतं. तिकावारात हे आधी बघायला मिळतं. गाव अन्नाच्या चिंतेत आहे, कंपनीची माणसं पोको कोहाराच्या पडक्या वास्तूंची पाहणी करायला आली आहेत, आणि गावप्रमुख रुआनू या पाहुण्यांना धड हाकलूही शकत नाही. इथे कंपनीला मदत केली तर गावाचं काही भलं होईल असं वाटतं, आणि थोडं होतंही. मंदसोरच्या तहातही होळकरांच्या संरक्षणाची हमी होती. पहिल्या तहात काय लिहिलं होतं आणि वीस वर्षांनी दरबारात कोणाचा शब्द चालत होता, हे इंदूरच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

एक छोटी गोष्ट फार जपून केलेली आहे. नकाशावर नाव नसलेली बेटं पूर्ण धुंडाळली की त्यांना नाव देण्याची चौकट उघडते. बहुतेक जण घरच्यांची किंवा मांजरीची नावं देऊन मोकळे होतात. त्या चौकटीपुढे दोन मिनिटं थांबा. बेटावर माणसं राहून गेल्याच्या खुणा असतात, तरी कागदावर नाव तुमचं पडतं. तुमच्या जहाजाच्या खलाशांना हे चुकीचं वाटत नाही. गेमही काही बोलत नाही.

आणि तरी हुआनांना देवघरात बसवलेलं नाही, हे याचं मोठेपण. त्यांच्यात मातारू लढवय्ये, कुआरू कारागीर आणि रोपारू सगळ्यांत खाली. नेकेताकाच्या तळाशी गलेट नावाची वस्ती आहे, तिथे रोपारू राहतात. वरच्यांचं खाऊन उरलेलं त्यांच्यापर्यंत उतरतं, आणि वर कमी पडलं की इथे उपाशी झोपतात. राणी ही रीत पूर्वापार म्हणून राखते. तिचा भाऊ अरुइही तर आणखी कडक. वेलियन आणि रौआताई दोघेही याच उपासमारीकडे बोट दाखवून म्हणतात, बघा, आम्ही आलो तर हे सुधारेल. हा युक्तिवाद आपण इतिहासात ऐकलेला आहे, आणि उतरंड म्हणजे काय हेही आपल्याला घरातून माहीत आहे. म्हणून राणीच्या बाजूनं उभं राहणाऱ्या मराठी खेळाडूनं आधी गलेटमधली कामं पुरी करावीत. सर्पेंट्स क्राउनचा जिना त्यानंतर चढावा. उलट क्रमानं गेलात तर राजवाड्याची शोभा आधी मनात बसते.

आता लढाई. नवखे इथे हमखास अडतात, आणि कारण एकच असतं : पेनिट्रेशन, म्हणजे शस्त्राची चिलखत (आर्मर) भेदण्याची ताकद. शस्त्राचं पेनिट्रेशन शत्रूच्या आर्मरपेक्षा १ ने कमी पडलं तर डॅमेज २५ टक्क्यांनी घटतं, २ ने कमी पडलं तर ५० टक्क्यांनी, ३ किंवा त्याहून कमी पडलं तर ७५ टक्क्यांनी. आर्मरच्या दुप्पट झालं तर ३० टक्के जास्त मिळतं. तलवार सोन्याची असली तरी पेनिट्रेशन तीन कमी पडलं की ती काठीच. म्हणून प्रत्येक लढवय्याकडे दोन शस्त्रसंच ठेवा, एक कापणारा (सेबर चालेल) आणि एक ठेचणारा किंवा भोसकणारा (वॉर हॅमर दोन्ही करतो). शत्रूवर माउस ठेवला की कुठल्या प्रकाराला त्याचं आर्मर कमी आहे ते दिसतं. दुसरं, परसेप्शन, म्हणजे पात्राची नजर, कमी ठेवू नका. त्याच्या प्रत्येक गुणामागे अचूकता १ ने वाढते, आणि नेम न लागणाऱ्या वाराला ताकद असून उपयोग नाही.

दोन क्लास, म्हणजे पात्राचे पेशे, एकत्र करण्याची सोय मोहात पाडते. क्लास ११ आहेत, जोड्या पुष्कळ. पण लक्षात घ्या : एकच क्लास घेतलेला माणूस पॉवर लेव्हल (त्या क्लासच्या शक्तींची पातळी) ९ पर्यंत जातो, दोन घेतलेला ७ वर थांबतो. मंत्र टाकणाऱ्याला एकाच क्लासमध्ये ठेवा, समोर उभं राहून लढणाऱ्याला जोडी द्या. लढाईत पडलेल्याला एक जखम लागते. तीन जखमा झालेला पुन्हा पडला की गेला, कायमचा. तेव्हा दोन जखमा दिसल्या की विश्रांती घ्या. त्या वेळी दिलेल्या जेवणाचा गुण पुढच्या विश्रांतीपर्यंत टिकतो, म्हणून चांगले पदार्थ मोठ्या लढाईआधी काढा. पाळीपाळीनं लढायची पद्धत जानेवारी २०१९ मध्ये आली. ती नवीन गेम सुरू करतानाच निवडावी लागते, आणि तीत लढाया बऱ्याच लांबतात. पॉज करून खेळणं एकदा हाताला बसलं की तेच बरं.

जहाज हा गेमचा लंगडा पाय आहे. समुद्रावरच्या लढाया चित्रात नाहीत, पुस्तकाच्या पानासारख्या मजकुरातून चालतात : शीड भरा, वळा, तोफा डागा. तोफा फक्त बाजूंना आहेत. एक बाजू डागली की ती भरेपर्यंत जहाज फिरवून दुसरी बाजू शत्रूसमोर आणायची, एवढं जमलं की निम्मं काम झालं. साखळीचे गोळे शिडांवर, साधे गोळे बुडाच्या लाकडावर, छर्रे खलाशांवर. पहिल्या स्लूपनं, म्हणजे सुरुवातीच्या लहान जहाजानं, मोठ्या जहाजाशी तोफांचा खेळ करू नका. पूर्ण शिडानं जवळ जा आणि चढाई करा, मग नेहमीची लढाई होते आणि खलाशीही तुमच्या बाजूनं लढतात. पैसे साठले की नवं जहाज घेण्याआधी लांब पल्ल्याच्या तोफा घ्या. खलाशांची मर्जी मुख्यतः पगार आणि जेवण यांवर टिकते. बेटांवर हिंडताना फळं, पाणी उचलत चला. पगार थकला आणि ताटात निकृष्ट अन्न पडलं की बंड ठरलेलं. सर्जन आणि सुकाणूवरचा माणूस अनुभवी ठेवा, बाकी डेकवर कोणीही शिकतो.

विस्तारांपैकी ‘बीस्ट ऑफ विंटर’ सरस. ‘सीकर, स्लेयर, सर्व्हायव्हर’ हा काझुवारी बेटावरचा आखाडा आहे, लढाईची आवड असेल तरच उघडा. ‘फरगॉटन सँक्टम’ जादूगारांच्या भानगडींचा, मजेदार पण बेटांच्या राजकारणापासून दूर.

माया रुआ रॉयल डेडफायर कंपनीची, पालेजिना वेलियनांची, टेकेहू हुआनांचा, सेराफेन चाच्यांचा. चौघांना एकत्र पार्टीत घेता येतं, आणि ते एकमेकांना काय बोलतात यासाठी घ्यावंच. पण एका बाजूचं शेवटचं मोठं काम हाती घेतलं की दुसऱ्या बाजूचा साथीदार तुमची साथ सोडू शकतो. त्यांची वैयक्तिक कामं त्याआधी उरका. आणि त्या शेवटच्या कामाला होकार देण्याआधी एक वेगळा सेव्ह करा, नाव देऊन, ऑटोसेव्हच्या भरवशावर न राहता. उकाइझोकडे, म्हणजे कथेच्या शेवटच्या ठिकाणाकडे, निघालात की परत फिरता येत नाही. शेवटी प्रत्येक बेटाचं पुढे काय झालं हे चित्रांतून सांगितलं जातं. त्या एका सेव्हवरून राणी, वेलियन, रौआताई आणि प्रिंचिपी अशा चारही बाजूंनी, किंवा कोणालाच बरोबर न घेता, शेवट बघता येतो. तिकावाराचं चित्र प्रत्येक वेळी नीट बघा.